पाचोळ्याचा धनी कोण?

कीर्तनकारांपासून क्रमिक पुस्तकांच्या कर्त्यांपर्यंत सर्वांनीं वापरून गुळगुळीत केलेला एक दृष्टान्त आहे. पिकलेलें पान आपण होऊन गळून पडतें, मातींत मिसळतें, आणि आपल्या देहाच्या खतावर दुसऱ्या पानास वाढवितें. तेव्हां हे मानवा, तूंहि असाच त्याग कर. दृष्टान्त गोड आहे, आणि ज्या वयांत तो आपल्या कानीं पडतो त्या वयांत तो खरा कीं खोटा हें कोणी विचारीत नाहीं. परंतु नीतीचा उपदेश ज्या आधारावर उभा करावयाचा, तो आधार एकदां ठोकून पाहण्यास हरकत नसावी. दावा कितीहि चांगला असला तरी त्याची सारी भिस्त कच्च्या साक्षीदारावर ठेवणें बरें नव्हे. साक्षीदार उलटला म्हणजे चांगला दावाहि हातचा जातो. म्हणून आम्ही येथें प्रथम पानाचीच साक्ष घेणार आहों.

पान गळतें तें आपण होऊन नव्हे. गळण्यापूर्वीं कांहीं आठवडे झाड त्याची झडती घेतें. पानांतील हिरवें द्रव्य मोडलें जातें. त्यांतील नत्र, आणि तसेंच स्फुरद, विरघळलेल्या रूपांत देठावाटे फांदींत परत ओढून घेतलें जातें. अदमासें निम्मा भाग, कित्येक जातींत त्याहूनहि अधिक, असा वसूल होतो. आणि जमिनींत स्फुरदाची टंचाई जितकी अधिक तितकी ही वसुली कडक, असें सामान्यतः आढळतें. मग देठाच्या बुडाशीं पेशींचा एक पातळ पडदा तयार होतो आणि पान निखळतें. फेब्रुवारी-मार्चांत सह्याद्रीच्या उतरणीवर पिवळ्या-तांबूस झालेल्या पानांची जी शोभा आपण पाहतों ती ह्या झडतीची खूण आहे. भाडेकरूनें घर सोडतांना दिवे, पंखे, भिंतींतल्या खुंट्यासुद्धां काढून न्याव्या आणि भिंती तेवढ्या ठेवाव्या, तसा हा प्रकार! मागें राहतें तें काढतां न येण्याजोगें: पेशींच्या भिंतींत चिणलेला चुना, लाकडाला चिवटपणा देणारें लिग्निन, तुरट टॅनिन. ह्यास दान म्हणावयाचेंच असेल, तर कठोपनिषदांतील वाजश्रवसानें दूध आटलेल्या गाई यज्ञांत देऊन टाकल्या, त्या जातीचें हें दान होय. तेथें निदान नचिकेता जवळ उभा होता. झाडाला विचारणारें कोणी नाहीं.

बरें, झाड कृपण ठरलें तर ठरो; जमिनीवर पडल्यानंतर तरी औदार्याचा प्रांत लागतो काय? आपल्या पानझडी रानांत पाचोळा पडतो तो ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. पहिले कांहीं महिने तो नुसता खडखडत पडून असतो. त्या काळांत त्याला हात लावते ती मुख्यतः वाळवी. आपल्याकडील वाळवीच्या कांहीं जाती पानांचे तुकडे वारुळांत नेतात आणि त्यांवर एक विशिष्ट बुरशी पिकवितात. पचविण्याचें अवघड काम बुरशीकडून करवून घेतात आणि मग तयार माल खातात. पावसाळ्यांत वारुळांवर उगवणाऱ्या ज्या अळंब्या कोंकणांत आणि गोव्यांत लोक चवीनें खातात, त्या ह्याच शेतीचा मोहोर होत. मृगाचा पाऊस पडला कीं खरी गर्दी उसळते. पालाश तर पहिल्या कांहीं सरींतच धुवून निघतें, कारण तें पानांत कोठेंच घट्ट बांधलेलें नसतें. मग जंतु आणि बुरशी साखरेवर व पिठूळ भागावर पडतात. वाणी, पैसेकिडे पानें कुरतडून त्यांचा भुगा करितात. त्या भुग्यावर पुन्हा जंतूंची नवी पंगत बसते. सर्वांत शेवटीं पांढऱ्या बुरशीचे तंतू लिग्निनाला हात घालतात. पावसाळा सरतां सरतां कित्येक पानांची नुसती शिरांची जाळी उरलेली असते.

ह्या पंगतींत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. सुक्या पानांत कर्ब फार आणि नत्र थोडें. म्हणून आरंभीं बुरशी नत्र सोडीत तर नाहींच, उलट आजूबाजूच्या मातींतलेंहि स्वतःकडे ओढून घेते. झाडाच्या मुळांना तें मिळतें तें बुरशीचें पोट भरून ती मेल्यावर, किंवा दुसऱ्या कोणी तिला खाल्ल्यावर. म्हणजे पान देत नाहीं, बुरशी देत नाहीं, तिला खाणारा किडाहि देत नाहीं. साखळीच्या प्रत्येक कडीपाशीं जो तो घेण्यासाठींच बसला आहे.

आणि तरीहि कोणाचें कांहीं बुडत नाहीं. उष्ण कटिबंधांतील सदाहरित अरण्यांत दर हेक्टरीं वर्षाकाठीं सुमारें ८ ते १० टन सुका पाचोळा पडतो. थंड देशांतील सूचिपर्णी रानांत असा थर वर्षानुवर्षें सांचून राहतो. येथें मात्र वर्षभरांतच त्यांतील बहुतेकाचा फडशा पडतो, आणि ज्या मुळांवरून तो गेला त्याच किंवा शेजारच्या मुळांत तो पुन्हा शिरतो.

ह्या व्यवहाराचें टोंक पाहावयाचें असल्यास आपलीं रानें सोडून ॲमेझॉनच्या खोऱ्यांत गेलें पाहिजे. तेथील अरण्य पाहून बाहेरून आलेल्या वसाहतवाल्यांचा सहज तर्क असा होई कीं, एवढे वृक्ष जिच्यावर उभे आहेत ती माती केवढी सुपीक असेल! रान तोडून, जाळून शेत केलें कीं राखेवर दोन-तीन हंगाम पीक येई आणि मग जमीन हात वर करी. लक्षावधि वर्षांच्या पावसानें त्या मातींतलें विरघळण्यासारखें बहुतेक सर्व धुवून नेलें आहे. उरलीं आहेत तीं लोखंडाचीं आणि ॲल्युमिनियमचीं संयुगें, आणि जें थोडेंफार स्फुरद असतें तेंहि तीं आवळून धरतात. आमच्या कोंकणांतला जांभा ह्याच कुळींतला. (त्याचें ‘लॅटराइट’ हें जगभर रूढ झालेलें नांव फ्रॅन्सिस बुकॅनन ह्यानें मलबारांतला दगड पाहून आपल्या १८०७ सालच्या प्रवासवृत्तांत दिलें.)

मग एवढें अरण्य उभें आहे तरी कशावर? व्हेनेझुएलांत रिओ नेग्रो नदीच्या कांठीं सान कार्लोस नांवाचें गांव आहे. तेथील रानांत खनिज मातीच्या वर बारीक मुळांची एक जाड गादीच पसरलेली असते, आणि पाचोळा पडतो तो ह्या गादीवर. स्टार्क आणि जॉर्डन ह्या दोघां संशोधकांनीं किरणोत्सर्गी स्फुरद आणि किरणोत्सर्गी कॅल्शियम ह्यांचें पाणी तिच्यावर शिंपडलें व तळाशीं किती झिरपतें तें मोजलें. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, १,००० भागांतला १ भाग खालीं उतरला. उरलेले ९९९ गादीनें वरच्यावर झेलले. ह्या अरण्याची श्रीमंती कोठारांत नाहींच. ती सर्व फिरत्या चलनांत आहे, आणि चलन फिरायचें थांबलें कीं दिवाळें.

तथापि अगदीं बंद चक्र असें तेंहि नव्हे. पुराबरोबर थोडें थोडें निसटतेंच. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका उपग्रह-मोजणीप्रमाणें सहारावरून उडालेल्या धुळीबरोबर दरसाल सुमारें २२,००० टन स्फुरद अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या खोऱ्यांत पडतें, आणि वाहून जाणाऱ्या स्फुरदाशीं हा आंकडा जवळजवळ जुळतो. ह्या धुळीचें एक मोठें उगमस्थान चाड देशांतील बोडेले नांवाचा खोलगट प्रदेश, म्हणजे एका आटलेल्या प्राचीन सरोवराचा तळ. पुढील संशोधकांनीं आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील आगींच्या धुराचाहि मोठा वांटा दाखविला आहे. तें कसेंहि असो. जगांतल्या सर्वांत हिरव्या अरण्याची तूट जगांतल्या सर्वांत उजाड वाळवंटानें अंशतः तरी भरून काढावी, ही घटना कोणत्याहि पुराणकथेहून कमी नाहीं. पण तिच्यांतहि दाता कोणी नाहीं. वारा आहे.

येथपर्यंत साक्ष झाली. आतां तिचा अर्थ काय लावावयाचा?

एक पक्ष म्हणेल कीं, झाडें स्वार्थी असतील, पण सर्व मिळून जो परिणाम होतो तो यज्ञासारखाच आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत अन्न, पर्जन्य आणि यज्ञ ह्यांचें जें फिरतें चक्र सांगितलें आहे तें हेंच. दुसरा म्हणेल, जो तो ओरबाडतो आणि तरी सर्वांचें भलें होतें, तेव्हां आम्हीहि खुशाल ओरबाडावें. बाजाराचा न्याय रानानेंच सिद्ध केला. हा वाद नवा नाहीं. हक्स्लेनें १८९३ सालच्या आपल्या व्याख्यानांत सांगितलें कीं सृष्टीचा क्रम आणि मनुष्याची नीति ह्यांचें हाडवैर आहे. क्रोपॉट्किननें १९०२ सालच्या आपल्या ग्रंथांत परस्परसाह्य हाच सृष्टीचा धर्म असें दाखविलें. दोघेहि व्यासंगी, दोघेहि प्रामाणिक. आणि प्रत्येकाला सृष्टींत तेंच सांपडलें जें तो घरून घेऊन निघाला होता. अलीकडे कॅनडांतील संशोधनावरून, झाडें बुरशीच्या धाग्यांतून एकमेकांस अन्न पुरवितात, आया लेंकरांना पाजतात, अशी एक सुंदर कथा लोकप्रिय झाली. २०२३ सालीं त्याच क्षेत्रांतील तिघां शास्त्रज्ञांनीं पुरावे तपासून दाखविलें कीं कथा पुराव्याच्या पुष्कळ पुढें पळाली आहे. पिकल्या पानाचा दृष्टान्त विलायती पोषाख करून परत आला होता, एवढेंच.

‘आहे’ ह्या क्रियापदापासून ‘असावें’ हें क्रियापद नुसत्या तर्कानें काढतां येत नाहीं, हें स्कॉटलंडच्या ह्यूमनें अठराव्या शतकांतच बजावून ठेवलें आहे. (ह्या ह्यूमचा आणि कुजलेल्या पाचोळ्यापासून होणाऱ्या ह्यूमसचा संबंध नाहीं, विद्यार्थी विचारतात म्हणून सांगितलें.) तें आम्हांस मान्य आहे. परंतु म्हणून रानापासून नीतीस कांहींच मिळत नाहीं असें नव्हे. कर्तव्य कोणतें हें रान सांगणार नाहीं; कर्तव्याचा प्रश्न कोठें सुरू होतो हें मात्र तें चांगलें दाखवितें.

असें पहा. रानांत इतकी लूट चालली असतां चोरी कां होत नाहीं? कारण लुटणाऱ्याला लूट घेऊन फार दूर जातां येत नाहीं. बुरशी जेथें खाते तेथेंच मरते. किडा चार हात जातो. झाड तर जन्मभर एका पायावर उभें. रानाचें चक्र टिकतें तें कोणाच्या पुण्याईनें टिकत नसून पाचोळा आपल्या जागेपासून दूर जात नाहीं म्हणून टिकतें. पक्षी, वटवाघळें थोडेंफार इकडचें तिकडे करितात. समुद्रपक्षी समुद्रांतले मासे खाऊन बेटांवर विष्ठेचे ढीग रचतात. पण खाणें एका मुलखांत, विष्ठा दुसऱ्यांत आणि चिता तिसऱ्यांत, हा क्रम कोट्यवधींच्या संख्येनें आणि पिढ्यान्‌पिढ्या चालविणारा प्राणी आमच्या माहितींत एकच आहे. ज्याला दूर नेतां येतें त्याच्यावरच परत आणण्याचें ऋण चढतें. झाडाला नीति नाहीं, कारण त्याच्याजवळ टोपली नाहीं.

टोपलीचा परिणाम मोजूनहि पाहिलेला आहे. पनामांतील एका अरण्यांत २००३ सालापासून कांहीं ठराविक तुकड्यांवरचा पाचोळा दर महिन्यास दांताळ्यानें ओढून काढून दुसऱ्या तुकड्यांवर पसरण्याचा प्रयोग चालविण्यांत आला. जेथून काढला तेथील माती हळूहळू निःसत्त्व होऊं लागली, हें अपेक्षितच होतें. जेथें दुप्पट पडला तेथें मात्र मातींत पूर्वीपासून सांठलेला कर्बहि वायुरूपानें बाहेर पडूं लागल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. मनुष्याच्या दानशूरपणानें रानाचा हिशेब सरळ वाढत नाहीं असें दिसतें.

आणि येथें आमच्या कोंकणाचा एक जुना खटला उभा राहतो. भाताचें रोप करावयाचें तर राब भाजावा लागतो. उन्हाळ्यांत डोंगरावरच्या ऐनाचा टाहाळ छाटून त्याचे कवळ बांधावयाचे. त्यांबरोबर रानांतला पातेरा, गोठ्यांतलें शेण, गवत हें रोपाच्या जागीं पसरावयाचें. वर मातीचा पातळ थर देऊन पावसापूर्वीं तें पेटवून द्यावयाचें. तणाचें बीं मरतें, माती भुसभुशीत होते, आणि डोंगराचें पालाश व स्फुरद राखेच्या रूपानें खाचरांत येतें. नत्र मात्र बहुतेक धुरावाटे जातें. जंगलखात्यास हें मान्य नव्हतें. ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांत निर्बंधांविरुद्ध एवढा असंतोष माजला कीं मुंबई सरकारास १८८५ सालीं फॉरेस्ट कमिशन नेमावें लागलें; त्याचा अहवाल १८८७ सालीं निघाला. पुढें १९२७ सालच्या वन-कायद्यानें, जो पुष्कळ दुरुस्त्यांसह आजहि लागू आहे, वनोपजाच्या व्याख्येंत रानांतलीं पानें घातलीं, वरच्या थराची मातीसुद्धां घातली. पाचोळ्याचा धनी कोण, ह्या प्रश्नास कायद्याचें उत्तर असें स्वच्छ आहे.

जंगलखात्याची बाजू अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणणार नाहीं. जर्मनींत शेतकऱ्यांनीं गोठ्यांत अंथरण्यासाठीं शतकानुशतकें रानांतला पाचोळा ओढून नेला आणि त्यानें तेथील रानें खंगलीं. एबरमायर ह्या बव्हेरियांतील पंडितानें १८७६ सालीं ह्याच विषयावर जो ग्रंथ लिहिला, तो अरण्याच्या अन्नद्रव्यांचा पहिला पद्धतशीर अभ्यास मानला जातो. हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा पहिला मुख्य अधिकारी, १८६४ सालीं नेमलेला ब्रँडिस, हाहि जर्मनच. शिवाय वजनास वजन धरल्यास लांकडापेक्षां पानांत अन्नद्रव्यें कितीतरी अधिक असतात. एक सागाचा ओंडका नेण्यानें रानाचें जितकें जातें, त्याहून तितक्याच वजनाचा हिरवा टाहाळ नेण्यानें अधिक जातें. शास्त्र फॉरेस्टराच्या बाजूचें होतें. न्याय नव्हता. कारण पानें डोंगरावरून खाचरांत गेलीं, ही साखळींतली पहिली आणि सर्वांत आंखूड पायरी. ती ज्यानें घेतली तो उघडा-वाघडा कुळंबी किंवा ठाकर डोळ्यांना दिसला, आणि सारें ऋण त्याच्या नांवें मांडण्यांत आलें. त्याच्या भाताचा पेंढा गुरांनीं खाल्ला, शेण पुन्हा त्याच खाचरांत पडलें. जें गांवाबाहेर गेलें तें पोत्यांतून गेलें.

त्या पोत्यांचा माग कोणी काढला नाहीं. १ टन भातांत सुमारें २ ते ३ किलो स्फुरद असतें. (त्यांतलें पुष्कळसें कोंड्यांत, पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या हौसेपायीं तें गिरणींतच वेगळें होतें.) हे तांदूळ मुंबईस जातात, आमच्या-आपल्या घरीं शिजतात, आणि मुंबईच्या सांडपाण्याचा मोठा भाग तर अनेक दशकें वरळी-वांद्र्याच्या समुद्रांत गेलेला आहे. खाचराची तूट आतां कारखान्याच्या खतानें भरतात. त्या खताचा दगड आपल्या देशांत थोडा, म्हणून मोरोक्कोसारख्या देशांतून तो जहाजानें आणावा लागतो. ॲमेझॉनलाहि आफ्रिकेचेंच स्फुरद पोंचतें, पण तें फुकट; आणि तेथून तें समुद्रांत ओतण्याची घाई कोणी करीत नाहीं.

सह्याद्रींतील देवरायांची चाल ह्या दृष्टीनें पुन्हा पाहण्याजोगी आहे. माधव गाडगीळ आणि वर्तक ह्यांनीं १९७६ सालीं ज्यांविषयीं लिहिलें, त्या ह्या राया. कित्येक रायांत पडलेलें सुकें लांकूड किंवा पाचोळासुद्धां बाहेर नेण्याची मनाई असे, तें देवाचें. कायदा म्हणतो पान सरकारचें, गांव म्हणतो देवाचें. दोघेहि धनी कोण तें सांगतात. परंतु सरकारचें पान परवाना मिळाला म्हणजे नेतां येतें, देवाचें नेतांच येत नाहीं. देव पानांचें कांहीं करीत नसल्यामुळें पानें जागच्या जागीं कुजतात. ह्यांत भीतीचा भाग होता हें उघड आहे, आणि भीतीच्या पोटीं आलेल्या सदाचाराचें आम्हांस फारसें कौतुक नाहीं. पण परिणामापुरतें बोलावयाचें तर देवाचें धनीपण सरकारच्या धनीपणाहून रानास मानवलें.

प्रत्येक शेताची देवराई करतां येणार नाहीं. माणसांस खाणें आहे, आणि खावयाचें तर न्यावें लागणारच. मग परत आणण्याची वाट कोणती? ती शोधण्याचा एक मोठा प्रयत्न ह्याच देशांत, इंदूरास झाला. आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड ह्यांचें शेतींतील टाकाऊ पदार्थांवरचें इंग्रजी पुस्तक १९३१ सालीं निघालें. हॉवर्डचें नांव सर्वत्र झालें, वाडांचें आपल्याकडेहि कोणी घेत नाहीं, हें ओघानें सांगून ठेवतों. जें जमिनींतून घेतलें तें जमिनीस परत करावें, हा पुढें हॉवर्डनें मांडलेला नियम रानाच्या तळाकडे पाहूनच सुचलेला आहे.

मग तो नियम आमच्यांत रुजला कां नाहीं? पैशाचें कारण आहेच. पण त्याहून खोल कारण आमच्या मतें असें कीं, कुजणें ही क्रिया आम्ही विटाळांत काढली आहे. अन्न पिकविणें पुण्याचें, वाढणें पुण्याचें, जेवणें तर मंत्रपूर्वक. आणि जेवणानंतर जें होतें त्याकडे पाहणेंसुद्धां ओवळें. रानांत चक्राचा जो अर्धा भाग जमिनीखालीं चालतो, तो चालविण्याचें काम आम्ही कांहीं जातींच्या माथीं मारलें, आणि त्या कामामुळेंच त्यांना हीन ठरविलें. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ सालीं झाला, तो अपुरा पडला म्हणून दुसरा २०१३ सालीं झाला. त्यानंतरहि गटारांत उतरलेलीं माणसें गुदमरून मेल्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत. बुरशीची उपमा येथें चालणार नाहीं, चालवूंहि नये. बुरशी स्वतःच्या पोटासाठीं कुजविते; हीं माणसें दुसऱ्यांच्या पोटाचें ओझें वाहत आलीं.

इंदूरच्या पद्धतींत पालापाचोळा, शेण, गोठ्यांतली मुताची माती आणि थोडी राख ह्यांचे थर खड्ड्यांत घालून ते ओले ठेवावयाचे आणि तीनदां उलथावयाचे असतात. सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. शहरांतल्या पुष्कळ सोसायट्यांच्या आवारांत आतां असे खड्डे किंवा टाक्या आहेत, आणि बहुतेक ठिकाणीं त्या उलथण्यास झाडणाऱ्या बाईलाच सांगतात. पहिल्या उलथणीच्या वेळीं ढिगांतून वाफ निघते आणि वास असह्य असतो, म्हणून खिडक्या लावून घेतात. तिसऱ्या उलथणीस त्याच ढिगाला पहिल्या पावसांतल्या रानाचा वास येत असतो.